वेबर घोकण्याआधी सरकारी कचेरीतलं एखादं टेबल बघ

लोकप्रशासन हा विषय नव्याने घेतलायस ना? मग जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने सांगितलेली नोकरशाहीची वैशिष्ट्यं घोकत बसू नकोस. अधिकारांची उतरंड, लेखी नोंदी, गुणवत्तेवर निवड... प्रत्येकाला विचार, हे नसतं तर काय झालं असतं? वेबर तुलना करतो ती राजाच्या मर्जीवर चालणाऱ्या कारभाराशी. तिथे 'नियमाप्रमाणे' हा शब्द म्हणजे सुटकाच. आज सरकारी कचेरीच्या खिडकीवर तोच शब्द ऐकला की पोटात गोळा येतो. (मीही नोकरीत तो भरपूर वापरलाय, खोटं कशाला बोलू!) अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनने 1940 साली नेमकं हेच दाखवलं: नियम हे साधन, पण कर्मचारी त्यालाच साध्य मानू लागतो.

सुधारणांच्या उदाहरणासाठी लांब जाऊ नकोस. अहमदनगरचे (आताचं अहिल्यानगर) तेव्हाचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांचा कचेरीचं कामकाज सुधारणारा 'लखिना पॅटर्न' आणि त्यातली सहा गठ्ठे पद्धत, म्हणजे कागदांची सहा गठ्ठ्यांत वर्गवारी, समजून घे. उदाहरणार्थ, प्रतीक्षाधीन (उत्तराची वाट बघणारे) कागद वेगळे, अभिलेख कक्षात (जुन्या नोंदींच्या खोलीत) जाणारे वेगळे, नष्ट करायचे वेगळे. माझ्या मते यात वेबर मोडलेला नाही, उलट नीट राबवलाय.

मग राज्याचा 2005चा बदल्या व विलंब प्रतिबंधाचा कायदा वाच. फाइल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असं त्यात आहे. ठरलेल्या मुदतीत सरकारी सेवा मिळण्याचा हक्क देणारा 2015चा लोकसेवा हक्क कायदा त्यानंतर वाच.