कमरेच्या बॅगा शिवायला इंडस्ट्रियल मशीन हप्त्यावर घ्यावं का?

ताई, आधी तुमचं म्हणणं मला जसं समजलं तसं थोडक्यात लिहितो. तुम्ही घरच्या शिलाई मशीनवर चेनवाले फॅनी पॅक शिवता, महिन्याला साधारण 14 विकले जातात, एकाला अडीच तास लागतात, आणि आता इंडस्ट्रियल मशीन घ्यायचंय, अर्धे पैसे इमर्जन्सी फंड मोडून आणि अर्धे 24 हप्त्यांत, आणि मशीन आलं की पार्टटाइम नोकरी सोडायची. माझं मत विचाराल तर मशीन आत्ता नको आणि नोकरी तर अजिबात सोडू नका.

व्याजाकडे येतोच, पण त्याआधी तो अडीच तासांचा हिशोब उघडून बघू, कारण खरी गोम तिथे आहे. एका पॅकमध्ये शिलाई असते किती? चेनच्या दोन्ही बाजू, त्यावर वरून परत एक टीप, अस्तर, पट्टा जिथे बसतो ते दोन कान, आणि शेवटी आतून फिरवलेली बायंडिंग (कडा झाकणारी पट्टी), सगळं धरून सहा-सात मीटर. टाका 3 मिमीचा धरला तर झाले दोन ते सव्वादोन हजार टाके. घरगुती मशीन पळवलं तर मिनिटाला 700-800 टाके सहज मारतं, म्हणजे तीन मिनिटांचं काम. बरं चेन लावताना कोणी मशीन पळवत नाही, थांबत थांबत, रनर पुढे-मागे सरकवत, कोपऱ्यावर सुई आत ठेवून कापड फिरवत जावं लागतं, म्हणून ते पाचपट धरा, 15 मिनिटं. मग उरलेले सव्वादोन तास कुठे जातात? कापण्यात, पिना लावण्यात, चेन मापाला आणण्यात, पट्ट्याची टोकं जाळण्यात, बक्कल ओवण्यात आणि वाकडी गेलेली टीप उसवण्यात. यातलं एकही काम इंडस्ट्रियल मशीन करत नाही हो. ते कितीही वेगवान असलं तरी तुमची दहाएक मिनिटं वाचवणार, बास.

हां, एका ठिकाणी ते मशीन खरंच कामाचं आहे, तेही मान्य करतो. कानाच्या टोकाला बाहेरचं कापड, अस्तर, पट्टा, बायंडिंग असे सगळे थर एकावर एक येतात आणि तिथे घरगुती मशीन कण्हतं, टाके सुटतात, सुई मोडते. पण त्यासाठी आधी 16 किंवा 18 नंबरची सुई, पॉलिएस्टर दोरा, टाका थोडा लांब आणि तेवढे थर हाताने चाक फिरवून पार करणं, एवढं करून बघा. तरी जमत नसेल तर ज्याच्याकडे जड मशीन आहे त्याच्याकडून फक्त बायंडिंग आणि कानांची शिलाई नगावर करून घ्या. नगाला पैसे गेलेले परवडतात, कारण ऑर्डर नसेल त्या महिन्यात तो खर्चही शून्य, हप्त्याचं तसं नसतं.

आता पैसे. तुमची विक्रीची किंमत 100 धरू म्हणजे गणित सोपं होईल. कापड, अस्तर, चेन, रनर, पट्टा, बक्कल मिळून 40 जातात असं तुम्ही लिहिलंय आणि 60 ला नफा म्हटलंय. तो नफा नाही, ती तुमची मजुरी आहे. 60 भागिले अडीच तास, तासाला 24. आणि त्याच मापात तुमच्या नोकरीचा तास पडतो 35 ला. म्हणजे आज 35 चा तास सोडून 24 चा तास घ्यायला निघालाय तुम्ही, वर कर्ज काढून! मशीनने दहा मिनिटं वाचली तरी तो 24 चा फार तर 26 होईल. उलट मशीन न घेता वेळ दीड तासावर आणलात तर तोच तास 40 चा होतो, आणि ते शक्य आहे. एकेक पॅक सुरू करून संपवू नका, आठ-दहा एकदम कापा, पुठ्ठ्याचे साचे करून ठेवा. चेन तयार मापाची घेऊ नका, रोलवरची 5 नंबरची नायलॉन चेन घ्या, ती जास्त लांब ठेवून शिवा आणि नंतर कापा, म्हणजे रनर सुईच्या आड येतच नाही. नायलॉनच्या कापडावर पिनाऐवजी क्लिपा वापरा, पिनेची भोकं तशीच राहतात. हे सगळं जवळपास फुकट आहे.

हप्त्याबद्दल. तुम्हाला सांगितलेला 10 टक्के दर फ्लॅट आहे, म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी व्याज दोन वर्षं पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवरच लागतं. कर्जाच्या दर 100 रुपयांमागे 20 व्याज, 120 भागिले 24, महिन्याला 5. घटत्या शिलकीवर मोजलं तर हा दर 18 टक्क्यांच्या आसपास जातो. तुमच्याच आकड्यांनी हा हप्ता 8 पॅकची मजुरी खातो, 14 पैकी! उरलेल्या 6 वर नोकरी सोडलेलं घर कसं चालणार ते मला तरी दिसत नाही.

आणि इमर्जन्सी फंड. पगार चालू असताना तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला असेल तर एकवेळ चालतं, पण स्वतःचं काम म्हटलं की निदान सहा महिन्यांचा हवा. म्हणजे ज्या दिवशी तो जवळपास दुप्पट लागणार त्याच दिवशी तुम्ही तो मोडताय.

त्यापेक्षा असं करा. बॅगांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि पुढचे तीन-चार महिने हप्त्याएवढी रक्कम दर महिन्याला त्याच पैशातून बाजूला टाका, पगारातून एक पैसाही घालायचा नाही. एखाद्या महिन्यात जमलं नाही तर उत्तर तुम्हाला मिळालंच. जमलं, शिवाय ओळखीबाहेरच्या लोकांच्या ऑर्डर यायला लागल्या आणि हाताला वेळ असूनही जाड थरांमुळे त्या नाकारायची वेळ आली, तर तसेच पैसे साठवत राहा आणि पुरेसे जमले की सेकंडहँड मशीन रोखीने घ्या. बघायला जाताना तुमचा पट्टा आणि कापडाचे थर सोबत न्या आणि तिथेच शिवून बघा, विकणारा साध्या कापडावर छान टीप मारून दाखवतोच. सर्वो मोटर असेल तर बरं, हळू चालवता येतं. आणि घरचं मशीन विकू नका, साधं इंडस्ट्रियल मशीन फक्त सरळ टीप मारतं, झिगझॅगला घरचंच लागेल.

कापड घाऊक घेऊन ठेवू का, हेही विचारलंय. कापड नको, रंग आणि डिझाइन पडून राहतात. काळी चेन, काळा पट्टा आणि एकाच मापाची बक्कलं मात्र घ्या, ती कुठल्याही कापडाला चालतात, फक्त तीन महिन्यांत संपतील एवढीच.