ह्यांना भूतबंगल्यात जायचंय, मला धास्ती!

प्रश्न : ताई, आमचं लग्न उन्हाळ्यात झालं. बहिरमच्या यात्रेत भूतबंगला लागला की दोघं मिळून आत जाऊ, असा ह्यांचा हट्ट आहे. मला लहानपणापासून अंधाराची धास्ती. नाही म्हटलं की रुसतात. काय करू?
– एक वाचक, चांदूरबाजार तालुका

उत्तर : पोरी, भीती वाटणं हा काही गुन्हा नव्हे. यात्रेतले असे बंगले मी आतून पाहिलेत. पत्र्याच्या भिंती, काळं कापड, एक लाल बल्ब आणि कोपऱ्यात दबा धरून बसलेला रबरी मुखवट्यातला पोरगा. पायाशी जनरेटरच्या वायरी असतात, त्या भुतापेक्षा जास्त सांभाळायच्या.

ह्यांचा हट्टही समजून घे. भीतीने छाती धडधडते, ती धडधड माणूस कधीकधी ओढ समजून बसतो. कॅनडात एका झुलत्या पुलावर केलेला तसा प्रयोग 1974 साली प्रसिद्ध झाला होता. त्यांना तुझा हात घट्ट धरायचा असेल, बाकी काही नाही. पण त्यासाठी तुझी मर्जी हवीच. जबरदस्तीने नेलं तर धास्ती वाढेल, आणि रागही.

आधी दिवसाउजेडी बाहेरून बघून ये. परतायची वाट कुठून आहे ते तिकीटवाल्याला विचार. दिवस गेले असतील किंवा फिट्स येत असतील तर जाऊच नको, लुकलुकत्या दिव्यांनी फिट येऊ शकते. जायचं ठरलंच, तर 'थांब' म्हटलं की तिथूनच मागे फिरायचं आणि नंतर रोडगे खाताना चारचौघांत टर उडवायची नाही, हे ह्यांच्याकडून आधीच कबूल करून घे.