सायटोक्रोम-सी : एका वेळी एकच इलेक्ट्रॉन

प्रश्न : ऑक्सिजनच्या एका रेणूचे पाणी व्हायला चार इलेक्ट्रॉन लागतात. सायटोक्रोम-सी हे तंतुकणिकेतले (मायटोकॉन्ड्रियातले) इलेक्ट्रॉन वाहणारे छोटे प्रथिन मात्र एका खेपेला एकच नेते. मग अर्धवट क्षपण (इलेक्ट्रॉन मिळणे) झालेला, घातक ऑक्सिजन वाटेतच सुटत कसा नाही?

उत्तर : कारण इलेक्ट्रॉन साठवण्याचे काम सायटोक्रोम-सीचे नाहीच. त्याच्या हीममधला (लोह धरून ठेवणाऱ्या वलयातला) लोह-अणू +३ आणि +२ एवढ्या दोनच अवस्थांत फिरतो. साठवण होते ती श्वसन-साखळीतल्या चौथ्या प्रथिन-संकुलात, म्हणजे सायटोक्रोम ऑक्सिडेजमध्ये. सायटोक्रोम-सीने तिसऱ्या संकुलाकडून आणलेला इलेक्ट्रॉन आधी तांब्याच्या ‘ए’ केंद्राकडे जातो, तिथून हीम-‘ए’कडे आणि शेवटी हीम-ए३ व तांबे-बी या जोडकेंद्राकडे. या जोडकेंद्रातील लोह आणि तांबे दोन्ही क्षपित झाल्यावरच ऑक्सिजन तिथे बसतो. मग त्याचा बंध एका झटक्यात तुटतो: दोन इलेक्ट्रॉन लोह देते (ते +४ वर जाते), एक तांबे देते आणि एक शेजारचे टायरोसिन हे अमिनो आम्ल. पेरॉक्साइड, म्हणजे अर्धवट क्षपित ऑक्सिजन, मोकळे सुटायला संधीच उरत नाही. पुढे येणारे इलेक्ट्रॉन ही उसनवारी फेडतात. चार सायटोक्रोम-सी रेणूंच्या खेपांत पाण्याचे दोन रेणू तयार होतात आणि चार प्रोटॉन तंतुकणिकेच्या आतल्या पटलापलीकडे ढकलले जातात. सुपरऑक्साइडची (एकच इलेक्ट्रॉन मिळालेल्या ऑक्सिजनची) गळती होते ती मुख्यतः पहिल्या व तिसऱ्या संकुलात. तिचा ठपका चौथ्यावर ठेवू नये.

प्रश्न : हे प्रथिन पटलात घट्ट रोवलेले का नसते? सायनाइड त्यालाच चिकटते का?

उत्तर : सायनाइड चौथ्या संकुलातील हीम-ए३ला चिकटते. सायटोक्रोम-सी तेव्हा इलेक्ट्रॉन घेऊन ताटकळत राहते. त्याच्या लोहाच्या दोन्ही बाजू हिस्टिडिन-१८ आणि मेथिओनिन-८० यांनी अडवलेल्या असतात, म्हणून सायनाइडला तिथे सहज शिरकाव नाही.

सैल असणे हीच त्याची सोय आहे. मानवी सायटोक्रोम-सीत १०४ अमिनो आम्ले असतात, वजन सुमारे १२ किलोडाल्टन. पृष्ठभागावरील लायसिनांमुळे ते धनप्रभारित असते. तिसऱ्या आणि चौथ्या संकुलांच्या ऋणप्रभारित भागांना ते क्षणभर टेकते आणि सुटते. पकड घट्ट असती तर प्रत्येक खेप रेंगाळली असती. सैलपणाची दुसरी बाजूही आहे: तंतुकणिकेचे बाह्यपटल सच्छिद्र झाले की ते पेशीद्रवात निसटते, अपॅफ-१ या प्रथिनाला जोडले जाते आणि कॅस्पेज-९ या विकरामार्फत पेशीचा नियोजित मृत्यू सुरू होतो.

प्रश्न : प्रयोगशाळेत ऑक्सिडेजची क्रियाशीलता मोजताना ५५० नॅनोमीटरचे प्रकाशशोषण (क्षपित सायटोक्रोम-सीची खूण) कमीच होत नाही. काय चुकत असावे?

उत्तर : पहिला संशय डायथायोनाइटवर. सायटोक्रोम-सी क्षपित करण्यासाठी घातलेले हे रसायन शिल्लक राहिले, तर ऑक्सिडेजने इलेक्ट्रॉन काढून घेताच ते परत देते, शिवाय द्रावणातला ऑक्सिजनही खाते. लहान रेणू प्रथिनापासून वेगळे करणाऱ्या जेल-गाळण स्तंभातून ते आधी काढून टाका. मग ५५० व ५६५ नॅनोमीटरच्या शोषणांचे गुणोत्तर पाहा. ते १० पेक्षा कमी असेल तर क्षपण अपुरे आहे.

दुसरे कारण अखंड तंतुकणिका. बाहेरून घातलेले सायटोक्रोम-सी शाबूत बाह्यपटल ओलांडत नाही, म्हणून डोडेसिल माल्टोसाइडसारखे सौम्य डिटर्जंट लागते. (हाच अडथळा उलट उपयोगी पडतो: ऑक्सिजन-इलेक्ट्रोडवर श्वसन मोजताना सायटोक्रोम-सी घातल्यावर वेग ठळक वाढला, तर नमुन्याचे बाह्यपटल फाटले आहे असे समजा.)

तिसरे, क्षारांचे प्रमाण. बफरमध्ये मीठ फार झाले की वर सांगितलेले विद्युत-आकर्षण झाकले जाते आणि वेग पडतो. फॉस्फेट १० ते ५० मिलिमोलर, सामू ७ च्या आसपास ठेवा.

शोषण घसरू लागले तरी रेषा सरळ येणार नाही. ऑक्सिडीकृत सायटोक्रोम-सीही त्याच जागी बसून स्पर्धा करते, त्यामुळे आलेख वाकतो. सुरुवातीचा उतार घ्या, किंवा शोषणाचा लॉगरिदम काढून प्रथम-कोटी स्थिरांक काढा. त्याआधी उरलेले सगळे क्षपित सायटोक्रोम-सी फेरीसायनाइडने ऑक्सिडीकृत करून शेवटचे वाचन वजा करायला विसरू नका. हे राहिले की लॉगरिदमचा आलेखही वाकडाच येतो.