पाणी चाकात की लोखंड तोंडाला?

प्रश्न : मामा, नंदगडजवळ आमची दोन एकर भाताची आणि तीन एकर उसाची जमीन आहे. गेल्या दिवाळीत जुना 27 एचपीचा फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारा) मिनी ट्रॅक्टर घेतला. रोटर (मागं जोडायचं, फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) उचलून बांध चढताना त्याचं तोंड वर येतं, स्टेअरिंग हलकं पडतं. आणि नांगर लावला की मागची चाकं जागच्या जागी फिरतात. मेकॅनिक म्हणतो, मागच्या चाकांत पाणी भरा. थोरला भाऊ म्हणतो, पुढं लोखंडी वजनं लाव. बाबा म्हणतात, वाळूची पोती बांध, फुकटात होतंय. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, ता. खानापूर

उत्तर : बाबांपासून सुरुवात करतो, कारण तो उद्योग मी स्वतः करून बसलोय. पहिला ट्रॅक्टर घेतला तेव्हा पुढच्या बंपरवर वाळूची दोन पोती काथ्यानं आवळली होती. जांबोटीच्या रस्त्याला एका खड्ड्यात काथ्या तुटला, एक पोतं सुटून पुढच्या चाकाखाली आलं आणि ट्रॅक्टर गटारीच्या कडेला जाऊन थांबला. मला काही झालं नाही, पण घरी आल्यावर बायकोनं उरलेली वाळू न्हाणीघराच्या कामाला लावली. हलणारं, सुटणारं, भिजून जड होणारं वजन नको. बाबांना माझा नमस्कार सांगा आणि हे वाचून दाखवा.

आता मुद्द्याचं. तुमचे आजार दोन आहेत आणि औषध तुम्ही एकच शोधताय.

पहारीनं दगड उकलताना टेकू देतो, तसा ट्रॅक्टरचा टेकू म्हणजे मागचा आस, म्हणजे मागची दोन चाकं ज्यावर बसतात तो दांडा. रोटर टेकूच्या मागं लोंबतो, म्हणून तोंड उठतं. मागच्या चाकांत भरलेलं पाणी त्या टेकूवरच बसतं. दोनशे लिटर भरलं तरी तोंड बोटभर खाली येणार नाही. तोंडाला औषध तोंडाकडंच, म्हणजे भावाचं बरोबर आहे.

किती लावायचं? अंदाजानं नको. जवळच्या वजनकाट्यावर जा, रिकामा ट्रॅक्टर तोला, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून तोला. तुमचे आकडे मला माहीत नाहीत, म्हणून समजुतीपुरते धरतो : ट्रॅक्टर 900 किलो, त्यातले पुढं 360. रोटर 250 किलोचा आणि त्याचा मध्य मागच्या आसापासून 90 सेंटीमीटर मागं. दोन आसांतलं अंतर 150 सेंटीमीटर. मग उचललेला रोटर पुढचे 150 किलो हलके करतो, तिथं राहतात 210. ट्रॅक्टर आणि रोटर मिळून 1150 किलो. पुढच्या आसावर निदान पाचवा हिस्सा, म्हणजे 230 किलो तरी हवेत. वीस किलो कमी पडले, म्हणून बांधावर स्टेअरिंग हलकं. पुढच्या आसाच्या 60 सेंटीमीटर पुढं 70 किलो लोखंड टांगलं, तर लांबीच्या जोरावर ते पुढच्या चाकांवर 98 किलोचं काम करतं. वरचे 28 किलो आले कुठून? मागच्या चाकांवरून. म्हणून पुढं दीडशे-दोनशे किलो लोंबकळवत बसू नका. मागची पकड जाते आणि पुढच्या आसाचे बुश, बेअरिंग लवकर वाजायला लागतात. फोर बाय फोरला तोंड जमिनीवर असणं तर दुप्पट गरजेचं. पुढची चाकं हवेत तरंगत असतील तर त्या गिअरचे पैसे फुकट गेले.

उद्यमबागेत फाउंड्र्या आहेत, ओतीव लोखंड बेळगावला परकं नाही. पण वजन तुमच्या ट्रॅक्टरच्या ब्रॅकेटमध्ये बसणारं आणि पिनेनं अडकणारंच घ्या. वेल्डिंग करून जुगाड नको.

दुसरा आजार घसरणीचा. आधी टायरची नक्षी आणि हवा बघा. रस्त्यासाठी ठासून भरलेल्या हवेवर पुष्कळजण नांगर मारतात आणि वजनाला दोष देतात. शेतातल्या कामाला पुस्तिकेत जी हवा सांगितली असेल ती ठेवा. मग मागच्या टायरवर खडूनं रेघ मारा. नांगर उचलून चाकाचे दहा फेरे चालवा, अंतर मोजा. समजा 30 मीटर. तेच नांगर जमिनीत घालून, समजा 24. सहा मीटर घसरले, म्हणजे 20 टक्के. दहा ते पंधरा टक्के घसरण चालते. त्याहून खाली आणायच्या मागं लागू नका, कारण चाक अजिबात घसरलं नाही की ताण गिअरवर आणि इंजिनावर जातो.

एवढं करूनही घसरण वीसच्या आसपास राहिली, तर मेकॅनिकचं पाणी कामाचं. आपल्याकडं गोठणारी थंडी नाही, म्हणून साधं पाणी पुरतं. परमुलखात घालतात ते कॅल्शियम क्लोराइड घालून रिम गंजवू नका. चाक जॅकवर उचला, व्हॉल्व्ह वर आणा, आतली पिन काढा, पाणी भरत जा. व्हॉल्व्हमधून पाणी बाहेर यायला लागलं की थांबा, तेवढं म्हणजे साधारण 75 टक्के. वरची जागा हवेसाठीच आहे. काठोकाठ भरलं की टायर दगडासारखा होतो. किती लिटर गेलं ते बादलीनं मोजून ठेवा, लिटरला एक किलो हिशेब सोपा. दोन्ही चाकांत सारखंच. आणि टायरच्या बाजूवर छापलेली वजनाची मर्यादा ओलांडू नका.

तुमच्याबाबतीत पाणी मी शेवटी का ठेवलं, तर भातामुळं. चिखलणीला जड ट्रॅक्टर खाली जातो. लोखंडी केज व्हील (चिखलात न रुतणारी पिंजऱ्यासारखी चाकं) लावून तरंगत न्यायचा आणि चाकात शंभर लिटर पाणी, हे एकमेकांशी जुळत नाही. लोखंड पिन काढली की उतरतं. पाणी काढायला व्हॉल्व्ह खाली करून अर्धा दिवस जातो, आणि पंक्चर झालं तर पंक्चर काढणारा पोरगा वैतागतो तो वेगळाच. ऊस एकट्याचा असता तर मी बेधडक भरा म्हटलं असतं.

जाता जाता एक : ओझं ओढायला दोर किंवा साखळी टॉपलिंकला (अवजार धरणारा वरचा दांडा) कधीच बांधू नका, खालच्या ड्रॉबारलाच (ओढायसाठीची खालची पट्टी) लावा. टेकूच्या वरून ओढलं तर पुढं कितीही लोखंड असू दे, ट्रॅक्टर मागं उलटू शकतो.

आधी काट्याची पावती आणि खडूचे दोन आकडे पाठवा. मग किती किलो ते सांगतो.