बुर्ज खलिफावर पहिल्यांदा जाताय?

सगळ्यात आधी: १४८व्या मजल्याच्या महागड्या तिकिटाच्या मोहात पडू नका. १२४ आणि १२५वा मजला पहिल्या खेपेला भरपूर झाला. १२४व्याची गॅलरीच ४५२ मीटरवर आहे.

खरा प्रश्न वेळेचा. सूर्यास्ताची तिकिटं महाग असतात आणि लवकर संपतात, म्हणून ऑनलाइन आधीच काढा. मात्र सूर्यास्ताच्या ठोक्याला पोचायचं, ही नवख्यांची नेहमीची चूक. सुरक्षा तपासणी आणि लिफ्टची रांग यांतच सूर्य बुडतो. तासभर आधीची वेळ घ्या. उजेडातलं शहर, मावळता सूर्य आणि खालचे दिवे, तिन्ही एकाच तिकिटात.

आणखी दोन-तीन गोष्टी:

- प्रवेश दुबई मॉलमधून आहे. मॉल अवाढव्य, दार शोधण्यातच वेळ जातो.
- हवा बघा. गणिताने क्षितिज ७५ किलोमीटरवर असलं, तरी उन्हाळ्यातल्या धुरकट हवेत समुद्रसुद्धा पुसट दिसतो.
- फोटोसाठी गडद कपडे घाला. मी पांढरा शर्ट घालून गेलो होतो. काचेत प्रतिबिंब पडून प्रत्येक फोटोत दिव्यांवर तरंगणारं माझंच भूत! फोन काचेला अगदी टेकवून धरा, फ्लॅश बंद.

लिफ्टमध्ये कानांना दडे बसतात. आवंढा गिळला की सुटतात. उंचीची भीती वाटत असेल तर आधी काचेपासून लांब उभं राहून दूरचं पाहा, थेट खाली नको. पाच मिनिटांत पाय आपोआप पुढे सरकतात.

लेन्स, ट्रायपॉड वगैरे पुढच्या वेळी बोलू.