नवऱ्याला चेहरे खटकतात, पोराला डायलॉग पाठ

प्रश्न: ताई, डिसेंबर लागला की आमच्याकडे 'द पोलर एक्स्प्रेस' (ख्रिसमसच्या रात्री मुलांना सांताकडे नेणाऱ्या आगगाडीचा अ‍ॅनिमेशनपट) लावायचा हट्ट सुरू होतो. मोठ्याला, म्हणजे सात वर्षांच्याला, डायलॉग पाठ आहेत, धाकटी चारची, ती मध्येच उशीत तोंड खुपसते आणि नवरा म्हणतो ही माणसं मेणाच्या पुतळ्यांसारखी बघतात, तुम्हाला आवडतं तरी कसं! एकाच पिक्चरबद्दल एवढी टोकाची मतं का? आणि धाकटीला दाखवू की नको?

उत्तर: नवरोबा एकटे नाहीत हो, 2004 मध्ये पिक्चर आला तेव्हा कितीतरी समीक्षकांनी हेच लिहिलं होतं. झालं असं की दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिसने अभिनेता टॉम हँक्सच्या अंगाला-चेहऱ्याला मार्कर, म्हणजे हालचाल टिपायचे छोटे ठिपके, लावून त्याचा अभिनय कॉम्प्युटरवर घेतला, कंडक्टर तोच, वडील तोच, सांतासुद्धा तोच, पण डोळ्यांवर काही मार्कर चिकटवता येत नाहीत, त्यामुळे नजर नंतर अ‍ॅनिमेटर्सनी घातली, आणि गाल हसतायत पण डोळे भलतीकडेच असं काहीसं झालं. मासाहिरो मोरी नावाच्या जपानी रोबोटतज्ज्ञाने 1970 मध्येच लिहून ठेवलंय की माणसासारखं दिसणारं पण पूर्ण माणूस न वाटणारं काही समोर आलं की आपल्याला कसंतरीच होतं. सरळ कार्टून असतं तर नवरोबा एक शब्द बोलले नसते!

मोठा मात्र चेहरे बघतच नाहीये, तो गाडी बघतोय. गोठलेल्या तळ्यावरून घसरणारं इंजिन, डब्यात नाचत येणारं हॉट चॉकलेट, आणि ती घंटा, पिक्चरमधलं पोरगं कानाशी धरून हलवतं तर आवाजच नाही, मग विश्वास ठेवल्यावर किणकिणते. त्या वयाला सांता खरा की खोटा हा प्रश्न मनात असतोच, पिक्चर बरोब्बर तिथेच हात घालतो. (इंजिनाचे आवाज पण खरे बरं का, मिशिगनमधल्या पेरे मार्क्वेट 1225 ह्या जुन्या वाफेच्या इंजिनाचे रेकॉर्ड केलेत.)

पहिल्या वीकेंडला तर पिक्चर आपटलाच म्हणत होते, खर्च साधारण 16.5 कोटी डॉलर आणि अमेरिकेत कमाई 2.3 कोटींच्या आसपास, त्यात 'द इन्क्रेडिबल्स' हा दुसरा अ‍ॅनिमेशनपट आधीच थिएटरात ठाण मांडून बसलेला. पण नंतर आयमॅक्स थ्रीडीत चालत राहिला, ख्रिसमस आला की परत लागायला लागला, लोकांनी सवयच करून घेतली. माझं विचाराल तर गोष्ट जरा पातळच आहे, मधली धावपळ कमी केली असती तरी चाललं असतं.

धाकटीचं म्हणाल तर बहुतेक ती मोडक्या खेळण्यांच्या डब्यातल्या कठपुतळीला घाबरत असावी, ती अंधारातून अचानक अंगावर येते आणि ओरडते, मोठी माणसंही दचकतात तिथे. तेवढा भाग पुढे ढकला, कथेत काहीच अडत नाही, आणि तळ्याच्या सीनला आवाज थोडा कमी ठेवा. तरी नको म्हणाली तर यंदा राहू द्या, मोठ्याला ती झोपल्यावर लावून द्या.