प्रवासाचा रकाना एकच का?

*मावशी, आम्ही शहर सोडून उपनगरात राहायला जायचं ठरवलंय. मुलगी चार वर्षांची, मुलगा दहा महिन्यांचा. सध्या दोन खोल्यांत भाड्याने राहतो. नवरा आठवड्यातले चार दिवस घरूनच काम करतो, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप आणि मांडीवर बाळ. मला पाचही दिवस ऑफिस गाठावं लागतं. त्याने तीन जागांचा एक्सेलमध्ये तक्ता केलाय, तो सोबत जोडते. पहिली जागा सगळ्यात लांब, पण घर मोठं आणि पुढे अंगण. दुसरी नवी वसाहत, तिथे शाळा आणि स्टेशन ‘होणार आहे’ म्हणतात. तिसरं जुनं उपनगर, घर लहान, इमारत जुनी, पण माझ्या ऑफिसपासून पस्तीस मिनिटांवर. तक्त्यात पहिली जागा जिंकली. तो स्वतः अंगणाच्या घरात वाढलाय, त्यामुळे खूश आहे. सासूबाईही म्हणतात, मुलांना मोकळी हवा मिळेल. मला मात्र तो तक्ता उघडला की छातीवर दडपण येतं, आणि कारण विचारलं तर सांगता येत नाही. इथे शेजारच्या काकू रोज संध्याकाळी लेकीला तासभर घेऊन जातात, तेवढ्यात मी जरा श्वास घेते. मी बदलाला घाबरतेय की स्वार्थीपणा करतेय? आणि मुलीला हे सगळं कधी सांगायचं?*
*— तक्त्यात हरलेली*

तुझ्या पत्रापेक्षा तक्त्यावर माझा जास्त वेळ गेला. मेहनतीने केलाय. क्षेत्रफळ, हवा, हिरवळ, दवाखाना, शाळा, प्रवास, सगळ्याला दहापैकी गुण, खाली बेरीज. एवढं करणारा नवरा बेफिकीर नाही, हे आधीच म्हणून ठेवते, कारण पुढे मी त्याच्या तक्त्याची चिरफाड करणार आहे.

प्रवासाची ओळ काढ. पहिल्या जागेसमोर लिहिलंय, ‘दोघांची सरासरी, रोज १०२ मिनिटं’. गुण दहापैकी सहा. आता मला सांग, रोज १०२ मिनिटं प्रवास करणारं माणूस तुमच्या घरात कोण आहे? कुणीच नाही. एका बाजूला ८५ मिनिटं धरली तर तुझे रोज १७० मिनिटं होतात, आठवड्यातले पाचही दिवस. त्याचे एका दिवसाचे १७० आणि उरलेले चार दिवस शून्य. दोघांची बेरीज करून पाच दिवसांनी आणि दोन माणसांनी भागलं की १०२ येतात. गणित बरोबर आहे, फक्त त्यात तू दिसत नाहीस.

हेच आठवड्याचं मांडून बघ. पहिल्या जागेहून तुझे १४ तास १० मिनिटं रस्त्यात, त्याचे २ तास ५० मिनिटं. जुन्या उपनगरातून तुझे ५ तास ५० मिनिटं. फरक ८ तास २० मिनिटांचा. म्हणजे दर आठवड्याला कामाचा एक अख्खा दिवस, बिनपगारी, उभ्याने. आणि तक्त्यात या ओळीला ‘हिरवळ’ या ओळीइतकंच वजन दिलंय. छातीवर दडपण येतंय ते याचं. तुला कारण सांगता येत नव्हतं, कारण ते भागाकारात गेलं होतं.

तेव्हा स्वार्थाचा प्रश्न इथेच मिटला असं समज. घाबरण्याचं म्हणशील तर थोडं घाबरावंच. अलोईस स्टुट्झर आणि ब्रूनो फ्राय या दोन अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या हजारो लोकांची अनेक वर्षांची माहिती तपासून २००८ साली एक निबंध प्रसिद्ध केला. अर्थशास्त्राच्या हिशेबाने लांबून ये-जा करणाऱ्याला त्याची भरपाई मिळालेली असायला हवी, स्वस्त घराच्या किंवा जास्त पगाराच्या रूपाने. त्यांना दिसलं ते उलटं. प्रवास जितका लांब, तितकं लोकांचं आयुष्याबद्दलचं समाधान कमी. भरपाई पोचतच नव्हती. मला यात नवल वाटत नाही. मोठ्या घराचं कौतुक काही महिन्यांत सवयीचं होतं. प्रवासाची सवय होत नाही, कारण तो रोज वेगळा त्रास देतो. आज गाडी उशिरा, उद्या रस्ता खोदलेला, परवा पाऊस.

तुझ्या बाबतीत तर मिनिटं किती यापेक्षा ती कोणत्या वेळची, हे जास्त महत्त्वाचं आहे. साडेपाचला ऑफिसातून निघालीस तर जुन्या उपनगरात सहा वाजून पाच मिनिटांनी दारात असशील. लांबच्या घरी सातला पाच कमी असताना. फरक पन्नास मिनिटांचाच. पण दहा महिन्यांचं पोर किती वाजता पेंगायला लागतं? ती पन्नास मिनिटं म्हणजे त्याची अंघोळ, त्याचं खाणं, त्याची तुझ्या खांद्यावरची मस्ती. तू पोचशील तेव्हा ते रडवेलं आणि झोपाळलेलं, आणि त्याचा बाप दिवसभराच्या कामाने आणि पोराने पिचलेला.

हो, बापाचंही बोलू. लांबच्या घराची किंमत त्याने स्वतःसाठी शून्य धरलीय, तीही चूक आहे. तू दीड तासावर असशील तेव्हा बालवाडीतून अकरा वाजता येणारा ‘मुलीला ताप आलाय, घेऊन जा’ हा फोन प्रत्येक वेळी त्यालाच येणार. मीटिंग सोडून तोच धावणार, आणि धाकट्याला बरोबर घेऊनच धावणार, कारण तिथे त्याला सांभाळायला काकू नाहीत. शिवाय एवढ्या लांब दोन लहान मुलांसह राहायचं तर बहुतेक घरांत दुसरी गाडी येते. हप्त्यात वाचलेले पैसे बऱ्याचदा तिच्यात जातात. तक्त्यात हिची ओळच नाही.

आता काकूंकडे येते. तू त्यांना पत्राच्या शेवटी, जाता जाता आणलंस. मी त्यांना वर घेतलं असतं. रोज संध्याकाळी एक तास, न मागता, हे कुठल्याच घराबरोबर विकत मिळत नाही. अशी माणसं नव्या जागी भेटणारच नाहीत असं नाही, पण ती कुठे भेटतात हे बघून जागा निवडावी. १९५०च्या सुमारास अमेरिकेत एमआयटी या संस्थेतल्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास झाला. मैत्री कुणाशी झाली हे स्वभावाइतकंच दारं किती जवळ आहेत आणि जिना कुठून जातो यावर ठरत होतं. पुढे डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एकसारख्या दिसणाऱ्या तीन रस्त्यांची तुलना केली. एकावर दिवसाला सुमारे २,००० वाहनं, दुसऱ्यावर त्याहून बरीच जास्त, तिसऱ्यावर सुमारे १६,०००. शांत रस्त्यावरच्या माणसाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, वर्दळीच्या रस्त्यावर एकही पुरा नाही, ०.९. (ही सरासरी मात्र मला पटते.)

म्हणून घर बघायला जाशील तेव्हा आतली कपाटं कमी बघ, बाहेरचा रस्ता जास्त बघ. आठ-नऊ वर्षांची मुलं एकटी दुकानात जाताना दिसतात का? संध्याकाळी कुणी दाराबाहेर उभं राहून बोलतं का? शाळेपर्यंत पोचायला मोठा रस्ता ओलांडावा लागतो का? क्लॅरेन्स पेरी या नियोजनकाराने १९२९ साली वसाहतीची कल्पना मांडली, तेव्हा मधोमध प्राथमिक शाळा ठेवली, घरांपासून साधारण पाव मैलाच्या टप्प्यात, आणि वाहतुकीचे रस्ते वसाहतीच्या कडेने नेले. शंभर वर्षं होत आली, लहान मुलांच्या घरासाठी मला अजूनही याहून चांगली कसोटी सापडलेली नाही. चार वर्षांच्या मुलीचा हात धरून, बाबागाडी ढकलत, तू चालत कुठे कुठे पोचू शकतेस ते मोज. गाडीने किती मिनिटं लागतात हे दलाल सांगेलच.

आणि अंगण? मला अंगण आवडतं, कुणाला नाही आवडत. पण कुंपणाच्या आतल्या अंगणात एकटी मुलगी खेळणार म्हणजे तिच्याशी खेळणारं माणूस तूच, आणि तू तर सातला येणार. मुलांना मोकळ्या जागेपेक्षा दुसरी मुलं जास्त लागतात. सासूबाईंचं हवेचं म्हणणं खोटं नाही, फक्त हवा खायला मुलांना घेऊन बाहेर कोण जाणार, तेवढं त्यांना विचार. प्रेमाने विचार.

तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात बोलकं वाटलेलं वाक्य वेगळंच आहे. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, मांडीवर बाळ. तो माणूस कधीपासून बंद होणाऱ्या दाराशिवाय काम करतोय? त्याला लहानपणीचं अंगण आठवतंय हे खरं असेल, पण मला दाट शंका आहे की त्याला आत्ता हवी आहे ती एक खोली, जिची कडी आतून लागते. ती मागायला त्याला संकोच वाटत असेल, कारण घरात सगळ्यांचीच अडचण आहे. अंगण मुलांच्या नावावर मागता येतं. त्याला सरळ विचार. उत्तर ‘हो’ आलं, तर जुन्या उपनगरात एक लहान जादा खोली असलेलं घर शोधा, नाहीतर चालत जाण्याच्या अंतरावर कामापुरती भाड्याची जागा घ्या. एका दारासाठी तुझे आठवड्याचे आठ तास द्यायला नकोत.

दुसऱ्या जागेबद्दल फार बोलत नाही. ‘होणार आहे’ त्या प्रत्येक गोष्टीला आज शून्य गुण. शाळा तेव्हा धरायची जेव्हा तिच्या फाटकातून मुलं बाहेर पडताना दिसतील. स्टेशन वेळेवर आलं तरी तोवर तुझी मुलगी चौथीत असेल.

म्हणजे माझा कौल जुन्या उपनगराला, हे तू ओळखलंच असशील. पण तेही डोळे मिटून नको. जुन्या इमारतीची खरी परीक्षा पावसाळ्यानंतर. वरच्या मजल्याच्या छताचे कोपरे आणि न्हाणीघराच्या मागची भिंत बघ, नवा रंग नेमका तिथेच दिला असेल तर का दिला ते विचार. सकाळी सात वाजता वरच्या मजल्यावर पाण्याला जोर किती असतो, बाबागाडी जिन्याखाली ठेवता येते का, घरासमोरून अवजड वाहनं जातात का, हेही. आणि तिथल्या बायकांना ‘एरिया कसा आहे?’ असं विचारू नकोस. सगळ्या ‘छान आहे’ म्हणतात. ‘रात्री मूल तापलं तर कुठे नेता?’ असं विचार. जिथे झटकन डॉक्टरचं नाव येतं आणि पाठोपाठ ‘थांबा, नंबर देते’ येतं, तिथे निम्मं काम झालं.

नवऱ्याशी बोलताना ‘मला लांब नको’ असं म्हणू नकोस, ते हट्टासारखं ऐकू येतं. तक्ता उघडून त्याच्या शेजारी बस आणि प्रवासाचे दोन रकाने कर, तुझा वेगळा, त्याचा वेगळा. सरासरी काढून टाक. नंतर त्याला एक विनंती कर. कामाच्या आठवड्यात, सलग काही दिवस, त्याने तुझा प्रवास करायचा. लांबच्या घराच्या दारातून तुझ्या ऑफिसपर्यंत, तुझ्या वेळेला, खांद्यावर तुझ्याइतकं वजन घेऊन, आणि संध्याकाळी परत. रविवारी सकाळी बिल्डरच्या गाडीतून नाही. तू तो प्रवास करून येऊन सांगितलंस तर ती तक्रार होईल. त्याने केला तर ती माहिती असेल, आणि माहितीला तो मान देतो हे तक्त्यावरून कळतंच. एवढं करूनही त्याला अंगणच हवं असेल, तर विकत घेण्याआधी तिथे काही महिने भाड्याने राहा, पावसाळा त्यात येईल असं बघा. मात्र त्या काळात मुलांना बालवाडीत पोचवणं आणि आणणं दोघांत कसं वाटायचं, ते जाण्याआधी कागदावर लिहा.

राहिली लेक. चार वर्षांचं मूल जागा बदलली तर फार काळ कोमेजून बसत नाही. घर बदलणं जास्त जड जातं ते तेरा-चौदाच्या मुलांना, त्यांची दोस्तमंडळी ठरलेली असते. तेव्हा ही वेळ चांगली आहे. काकूंना मात्र तिच्या आधी सांग, नाहीतर ही बातमी त्यांना तिच्या तोंडून कळेल. तिला सांगायचं ते घर पक्कं झाल्यावर, जायच्या दोन-तीन आठवडे आधी. तिन्ही घरं दाखवून ‘तुला कुठलं आवडलं?’ असं चुकूनही विचारू नकोस. ती झोपाळ्याचं घर सांगेल, आणि तुझा नवरा त्याला तक्त्यात दहापैकी दहा देईल.